हाकेच्या गडावरील किल्लीदार खेमाजी रणपिसे यांच्या जळफळाटाची हकीकत

श्री. ज्याने कुलूप घडविले आणि त्याच हाताने किल्लीही घडविली त्या देवास दंडवत. साहेबी पुसिले की, हाकेचे गडावरील बंदी मुदतीआधी कैसे सुटले आणि सोडणारा आपणच कैसा अडकला, ते खरे खरे लिहावे, पदरचे घालू नये. त्यावरून जे ऐकिले ते लिहितो. पदरचे थोडे पडेल, माणसाचा हात आहे, राग न मानावा.

शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरे, ते समयी एका राज्यात एक गड होता, आणि त्या गडावर बंदीखाना होता, आणि बंदीखान्याचे किल्लीदार हवालदार खेमाजी रणपिसे म्हणून होते. खून, दरोडा करणारांचा बंदीखाना दुसरे गडावर, तेथे बेड्या आणि अंधारकोठड्या. या गडावर मात्र ज्यांनी कोणाचे अंगास नख लाविले नाही ऐसे चौदा असामी कोंडले होते. एकाने एकच घोडी दोघांस विकिली, एकाने सरकारी शिक्का लाकडात कोरिला, एकाने जत्रेत साधूचे सोंग घेऊन नवस फेडून घेतले, ऐसे लोक. आणि चौदावा कुशाबा घोगरे. त्याने सरकारी राईतला साग रात्रीत नव्हे, भर दिवसा तोडिला, घराचे आढ्यास लाकूड हवे म्हणून, आणि पुसता "मीच तोडिला" म्हणून सांगितले. त्यास नऊ वर्षे दिली. पैकी पाच जाहली होती.

गडाचा नेम ऐसा की, बंद्याचे आप्तांनी वर येऊ नये. तटाखाली एक मोठा धोंडा आहे, त्यास हाकेचा धोंडा म्हणतात. मंगळवारी खाली बाजार भरतो, ते दिवशी आप्तांनी धोंड्यावर उभे राहून हाक मारावी, बंद्याने तटावर येऊन उत्तर द्यावे, भाकरीतुकडा असेल तो दोरीचे टोपलीतून वर घ्यावा, आणि किल्लीदाराने शेजारी उभे राहून अक्षर न् अक्षर ऐकावे. आणि किल्लीदारासही नेम होता. गडावर एक जरी बंदी असला तरी किल्ली कमरेची सोडू नये, आणि किल्ली कमरेस असता गड उतरू नये. बंदीखाना रिता जाहला तरच घरी जावे. आता बंदीखाना कधी रिता होतो? एक सुटतो तो दोन येतात. खेमाजीस एकवीस वर्षे जाहली. बदली माणूस द्यावा म्हणून अर्ज केले, त्यास उत्तर येई, "विचारात आहे." बंद्यांस वर्षांचा आकडा तरी होता, हवालदारांस आकडाच नव्हता.

हवालदारांची बायको राजसबाई अर्ध्या दिवसाचे वाटेवर सासरचे गावी राहात असे. किल्लीदाराचे आप्तांस वर येण्यास मनाई नव्हती, वाटेल ते दिवशी यावे. पहिली दोन वर्षे बाई आली. तिसरे वर्षी उन्हाचा चढ चढून आली ती धापा टाकीत दरवाजातच बसली, तेव्हा हवालदार मायेने बोलिले, "कशाला एवढी दगदग करतेस? येत नको जाऊस." बोलिले खरे, आणि मनात धरिले की, ही ऐकायची नाही, येईलच. बाईने ऐकिले. त्यास अठरा वर्षे लोटली. निरोप येत, लोणचे येई, बाई आली नाही, आणि हवालदारांनी "ये" म्हणून सांगितले नाही. का नाही सांगितले म्हणाल तर मानीपणा, दुसरे काय.

आणि दर मंगळवारी कुशाब्याची बायको चिमा धोंड्यावर उभी राही. काय तो आवाज! गडावरचे कबुतर उडून जाई. "अवो, ऐकताय का?" ऐसी हाक आली की कुशाबा हातचे काम टाकून तटाकडे धावे, आणि "ऐकतोय गं, बोल की!" म्हणे, आणि मग ती म्हशीचे सांगे, कुंपणाचे सांगे, फणसास फळ किती धरिले ते सांगे, आणि दोघे मिळून हसत. हवालदार शेजारी उभे. नेमच तैसा. दुसऱ्याची म्हैस व्याली ती यांनी ऐकावी, दुसऱ्याचे घरचे आढे गळते ते यांनी ऐकावे. पुढे पुढे ऐसे जाहले की, सोमवारपासूनच हवालदारांचे तोंड वाकडे होई. कुशाब्याने भाजी चिरिली तरी खटके, तो अंगण झाडताना गुणगुणला तरी खटके. बाकी तेरांपैकी एकाने हवालदारांची पागोटी लपविली होती, त्याचा राग नाही, राग कुशाब्याचा. कारण पुसाल तर हवालदार सांगते ना. आपल्याशीही सांगितले नव्हते.

ऐसे चालिले असता राजधानीत सदर भरली, आणि कारभारी पंतांनी विषय काढिला की, ज्याने माणूस मारिला आणि ज्याने झाड तोडिले, दोघांस एकाच मापाने किती वर्षे कोंडावे? ज्यांचे हातून रक्त सांडले नाही आणि ज्यांची वर्तणूक बरी, त्यांस अर्धी मुदत भरताच घरी लावून द्यावे, शेते पडीक आहेत, पोरे बापावाचून वाढतात. त्यास सरलष्कर उसळून बोलिले, "आज झाड तोडणारा सोडाल, उद्या राईत खुंट राहणार नाही. धाक म्हणून काही ठेवाल का नाही?" पंत बोलिले, "धाक पाच वर्षांत बसत नाही तो नवव्या वर्षी कसा बसतो, तेवढे समजावून सांगा." सरलष्करांनी मिशीवरून हात फिरविला, समजाविले काही नाही. मग सरकारांनी निवाडा केला की, सोडावे, परंतु बंदी कैसा वागतो ते किल्लीदारास दिसते, सदरेस दिसत नाही, सबब किल्लीदाराचा बोल घ्यावा. वर्षास एक वेळ कारकुनाने गडावर जावे, आणि किल्लीदाराने किल्लीवर हात ठेवून प्रत्येकाविषयी एकच शब्द बोलावा, उतरावा अथवा राहावा. तोच प्रमाण, दिलेला बोल फिरू नये.

हुकूम घेऊन कारकून नारोपंत फाल्गुन मासी मंगळवारीच गडावर आले. मंगळवारी येण्याचे कारण, बाजारातून वांगी घेऊन जाता येतात. चौदाही बंदी अर्धी मुदत भरलेले. बातमी अगोदर पोहोचली होती, त्यामुळे चौदा जण न्हाऊन, दाढ्या करून अंगणात रांगेने उभे, आणि हवालदारांनीही घडीचा अंगरखा काढिला होता. कारण हिशेब उघड होता, चौदा उतरले की बंदीखाना रिता, बंदीखाना रिता की हवालदार घरी. आठ दिवस त्यांस झोप नव्हती. राजसबाईस काय बोलावे याची जुळणी मनात चालिली होती, आणि "कशी आहेस" याचे पुढे जुळणी जात नव्हती.

नारोपंत एकेक नाव घेऊ लागले आणि हवालदार किल्लीवर हात ठेवून "उतरावा" म्हणू लागले. घोडीवाला उतरावा, शिक्केवाला उतरावा, पागोटी लपविणाराही उतरावा, उगीच कशास! ऐसे तेरा जाहले आणि नारोपंतांनी "कुशाबा घोगरे" म्हटले. इतकियात खालून हाक आली.

"अवो, ऐकताय का? घर सारवलंय! उंबऱ्याशी पाणी भरून ठेवलंय! आन् म्हातारी म्हणती, आज जेवायची न्हाई, लेकासंगं जेवीन! लवकर उतरा!"

कुशाबा रांगेतच हसला. नुसता हसला, कानापर्यंत. आणि हवालदारांचे डोळ्यांपुढे आपल्या घराचा उंबरा आला, आणि त्याशी कोणी पाणी भरिलेले दिसेना. मला कोण हाक मारतेय? एकवीस वर्षांत कोणी ह्या धोंड्यावरून खेमाजी म्हणून हाक मारिली? ऐसे मनात येऊन डोके तापले, आणि तोंडातून निघाले, "राहावा."

 नारोपंतांची लेखणी थांबली. बोलिले, "हवालदार, हा एक राहिला तर तुम्हीही राहिलात. नीट ध्यानात आहे ना?"

"आहे."

"कारण काय घालू?"

हवालदारांनी कुशाब्याकडे पाहिले. अखेर बोलिले, "हसतो."

नारोपंतांनी पाहिले, हवालदारांनी मान फिरविली, मग कागदावर लिहिले गेले की, बंदी हसतो, सबब राहावा. शब्द तोंडातून गेला तेव्हाच हवालदारांस कळले की आपण काय केले. परंतु चौदा जणांदेखत मागे कैसे घ्यावे? घेतले नाही. धन्य तो मानीपणा, दुसऱ्यास चार वर्षे आणि आपणासही चार वर्षे!

मग तेरा जण उतरले, आणि एका बंद्यास चार शिपाई कशास म्हणून शिपाईही उतरले, नव्या नेमाची घडी बसेतो नवे बंदी इकडे धाडू नयेत ऐसे ठरले, आणि गडावर दोघेच राहिले. कुशाबा तटावर गेला. हवालदार नेमाप्रमाणे शेजारी. हवालदारांस वाटले, आता हा खाली माझे नाव घेईल, आणि ती बाई त्या आवाजात शिव्या देईल, आणि सारा बाजार ऐकेल. कुशाबा बोलिला, "चिमे, माझी पाळी पुढल्या खेपेला गं! कागदात काय तरी राहून गेलंय! म्हातारीला जेवाया घाल!"  मग हाक आली, "बरं!" एवढीच, आणि ती नेहमीपेक्षा बारीक होती. कुशाब्याने हवालदारांचे नाव घेतले नाही. याने हवालदारांस बरे वाटावे की नाही? उलट अधिकच चरफडले. म्हणाले मनात, चांगुलपणाही यासच!

पुढे वर्षभर दोघांची एक चूल. पहिला महिना कुशाबा मुकाट भाकरी थापी आणि हवालदार मुकाट खात. मग एके दुपारी कुशाबा बोलिला, "हवालदार, एक इचारू का? मला राहावा म्हणालासा, म्या राहिलो, ते ठीक. पण तुम्ही का राहिलासा?"

"गप बैस."

"बसतो. पण तुमच्या घरी बी कुणी तरी सारवून ठेवलं असंल की."

हवालदार ताटावरून उठले. त्या मंगळवारी टोपली वर आली, त्यात शेंगदाण्याची चटणी दुप्पट होती आणि खालून चिमा ओरडली, "हवालदारांस्नी बी द्या! खोकतात, इथवर ऐकू येतंय! त्यांस्नी म्हणावं, आडुळसा घ्या!" हवालदारांनी ठरविले की, चटणीस शिवायचे नाही. ठरविले सकाळी, आणि दुपारी खाल्ली, आणि चांगली जाहली होती म्हणून आणखी जळले. अहो, जळणाराचे ऐसेच असते, त्यास दिलेले गोड लागले तरी दुःख. रोज तटावर जाऊन धोंड्याकडे पाहू लागले. मंगळवारी नव्हे, ज्या दिवशी कोणी नसे त्या दिवशी. कुशाबा हे पाही.

शके सोळाशे नव्व्याण्णव, हेमलंबीनाम संवत्सरे, पुन्हा फाल्गुन आला आणि पुन्हा नारोपंत आले. एकच नाव घ्यावयाचे होते. हवालदारांनी किल्लीवर हात ठेविला आणि विचारण्याआधीच बोलिले, "उतरावा."

नारोपंतांनी गेल्या सालचा कागद काढिला आणि बोलिले, "येथे तर राहावा लिहिले आहे, कारण हसतो. आता हसायचा राहिला का?"

"नाही. हसतो अजून."

"मग हवालदार, फिरविता येत नाही. किल्लीचा बोल एकदा दिला तो दिला, मुदत भरेपर्यंत. फिरवावयाचा तर पहिला बोल खोटा होता म्हणून कबूल जाहले पाहिजे. आणि खोट्या बोलास सहा महिने बंदी, याच गडावर. उगाच कशाला स्वतःस गोवता? तीन वर्षे काय, जातात."

 कुशाबा अंगण झाडीत होता, त्याने खराटा खाली ठेविला आणि बोलिला, "पंत, असू द्या. तीन वर्षं काढीन मी. म्हाताऱ्या माणसाला बंदी नका करू." हे ऐकताच हवालदार भडकले. "तू गप रे! दरवेळी तूच चांगला व्हायचास का? आज मला होऊ दे!" आणि नारोपंतांकडे वळून बोलिले, "लिहा. पहिला बोल खोटा. वर्तणुकीत याच्या खोट नव्हती. मी जळलो, पंत. याला दर आठवड्याला हाक येते आणि मला येत नाही, म्हणून जळलो. याचं घर तुटलं तरी चालेल, पण ती हाक बंद व्हावी असं वाटलं. लिहा तसंच."  नारोपंतांनी लिहिले, कारण, हाक. आणि वांगी घेण्याचे विसरून गेले.

कागद सदरेत वाचिला गेला. सरलष्कर बोलिले, "पाहा! सांगत नव्हतो? सोडण्याची भानगडच नको." कारभारी पंत बोलिले, "भानगड सोडण्याची नव्हे. एका माणसाचे एका दिवसाचे डोके फिरले, त्यावर दुसऱ्याची चार वर्षे टांगली, ही भानगड आहे." मग सरकारांनी नेम बदलिला की, वर्षास नव्हे, तीन महिन्यांस कारकुनाने जावे, आणि राहावा म्हणणाराने कारण असे द्यावे की ते सदरेत मोठ्याने वाचिता आले पाहिजे. कुशाबा मोकळा. खेमाजी रणपिसे सहा महिने बंदी. आणि नवा किल्लीदार? विचारात आहे. तोवर बंद्यास खुन्यांचे गडावर हलवावे.

हे चैत्रात मंगळवारी नारोपंतांनी गडावर वाचून दाखविले. कुशाबा गठुडे बांधून दरवाजात उभा होता. हवालदारांकडे पाहिले, त्यांचे गुडघ्यांकडे पाहिले, आणि गठुडे खाली ठेविले. तटावर जाऊन ओरडला, "चिमे! म्हाताऱ्याला तिकडं बेडीत घालतायत! किल्ली मी धरली तर इथंच ऱ्हाईल! तीन महिनं! धरू का?" बाजारातील लोक माना वर करून उभे. चिमा कमरेवर हात ठेवून बोलिली, "तीन महिनं म्हणजी तीनच! चौथ्याला मी स्वतः वर येऊन किल्ली हिरीत टाकीन!" मग नारोपंतांनी मान डोलावून किल्ली त्याचे हाती दिली, आणि कुशाबा खाली आणखी काही ओरडला, ते हवालदारांनी ऐकिले नाही, कारण ते कोठडीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांस वाटत होते की, ह्या माणसाचा हेवा करावा तरी किती, पुरेसाच पडत नाही.

पुढले मंगळवारी दोन हाका आल्या. पहिली चिमाची, ती ओळखीची. आणि मग एक बाईमाणसाचा आवाज, दबलेला, बेसूर, ओरडण्याची सवय नसलेला.

"अहो! ऐकताय का?"

हवालदार अनवाणी धावले. धोंड्यावर राजसबाई. केस पांढरे जाहलेले, पदर दातांत धरिलेला.  जुळणी केली होती ती "कशी आहेस," तेवढीही फुटेना.

"हा कुशाबा निरोप धाडतो तेव्हा कळतं मला! बंदी झालात म्हणे!"

"झालो!"

"बरं झालं! किल्लीदार होतात तेव्हा सरकार वाटेल त्या दिवशी या म्हणत होतं, आणि तुम्ही येऊ नको म्हणालात! अठरा वर्षं वाट बघतेय, कधी ये म्हणताय त्याची! आता मंगळवार माझा हक्काचा आहे! कोण नाही म्हणतंय बघते!"

हवालदार तटास धरून रडले. मग शेजारी पाहतात तो कुशाबा उभा. बोलिले, "तू जरा लांब हो ना. माझं माणूस बोलतंय."

"न्हाई हवालदार," कुशाबा बोलिला, "अक्षर न् अक्षर ऐकायचा नेम हाय," आणि कानापर्यंत हसला.

आषाढात नारोपंत आले, शके सत्राशे, विलंबीनाम संवत्सरे. नाव घेऊ लागले, "खेमाजी रण" इतके जाहले तोच कुशाबा बोलिला, "उतरावा." निम्म्या नावावर! ज्यास हवालदारांस एक वर्ष लागले ते याने श्वास न घेता केले. हवालदारांचे डोळे भरले आणि त्याच वेळी दातही खाल्ले गेले, दोन्ही खरे. मग बंदीखाना रिता जाहला, कुशाब्याने किल्ली नारोपंतांचे हाती दिली, आणि दोघे मिळून गड उतरले, कुशाबा पुढे, हवालदार त्याचे खांद्यास धरून. खाली धोंड्यावर दोघी उभ्या होत्या. चिमाने हाक मारिली ती डोंगरातून तीन वेळा फिरून आली. राजसबाई नुसती पुढे होऊन बोलिली, "चला. पाणी भरून ठेवलंय."

हवालदार तेथेच थांबले.

"अगं, हाक मार की."

"समोर तर उभे आहात. कशाला हाक?"

"असू दे. ती बघ कशी मारते. मार, जरा मोठ्यानं."

राजसबाईने चारचौघांकडे पाहिले, पदर सावरिला, श्वास भरिला, आणि मारिली.

येणेप्रमाणे हकीकत. त्यानंतर त्या राज्यात ज्यांचे हाती रक्त नाही ते निम्मी मुदत भरून घरी जातात, राई आहे तैसी आहे, सरलष्कर अजून मिशीवरून हात फिरवितात. गड रिता आहे. मध्यंतरी बंदीखान्याचे कुलूप कोणी काढून नेले. तपास विचारात आहे. नेणाराने कोणास इजा केली नाही, सबब सापडला तरी फार दिवस अडकणार नाही. कळावे, हे लिहिले.